दोन ‘एव्होल्यूशन’ : १९८९ आणि १९९०

मर्सिडीझ-बेंझच्या ‘१९० ई २.५-१६’ या चार दारांच्या गाडीच्या दोन ‘एव्होल्यूशन’ आवृत्त्या निघाल्या : पहिली १९८९ मध्ये, दुसरी १९९० मध्ये. जर्मन टूरिंग कार शर्यतीत सुधारित गाडी उतरवायची, तर तशा किमान ५०० गाड्या बनवण्याचे बंधन होते. कंपनीने दोन्ही वेळा ५०२ बनवल्या.

पहिलीत चाकांवरच्या कमानी रुंदावल्या. पण खरा बदल आत होता. इंजिन अधिक वेगाने फिरावे म्हणून सिलिंडरचा व्यास वाढवून पिस्टनचा फेरा आखूड केला गेला. रस्त्यावरील गाडीची ताकद मात्र मूळ गाडीइतकीच, सुमारे १९५ अश्वशक्ती राहिली. दुसरीने हाच पाया स्वीकारून २३५ अश्वशक्ती गाठली आणि मागे उंच पंख लावला. हवेच्या दाबाने मागची चाके रस्त्याला धरून ठेवणे हे त्याचे काम. १९९२ चे अजिंक्यपद क्लाउस लुडविगने मिळवले, ते या दुसरीच्या शर्यती रूपावर.

आज संग्राहक दुसरीला कितीतरी अधिक मोल देतात. याचे कारण दुर्मीळता म्हणावे, तर संख्या दोहींची सारखीच आहे. शिवाय ती संख्या नियमाची किमान अट होती, संग्राहकांसाठी आखलेली मर्यादा नव्हे. मोल मिळाले ते ताकदीला, दिसणाऱ्या पंखाला आणि विजयाच्या कथेला. तो विजय शक्य करणारे इंजिन पहिलीत घडले, हे इतिहासकाराने तरी विसरू नये.