दाताची कॅप समोरच्या दाताला झिजवते का? झिरकोनिया, पोर्सिलेन आणि मेटलचा हिशोब

रूट कॅनाल झालं की डॉक्टर कॅप बसवायला सांगतात आणि समोर तीन-चार पर्याय ठेवतात. मेटल, मेटलवर सिरॅमिक, लिथियम डायसिलिकेट, झिरकोनिया. मग चर्चा होते ती किंमत, रंग आणि वॉरंटी कार्डाची. पण ती कॅप ज्या खऱ्या दाढेवर रोज घासणार, तिचं काय? कॅप तुटली तर नवी मिळते. एनॅमल (दातावरचं कडक पांढरं आवरण) एकदा गेलं की परत येत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच असतात.

कडकपणा किती?

फोनच्या रिव्ह्यूमध्ये 'लेव्हल 6 ला स्क्रॅच, 7 ला खोल चरे' हे तुम्ही ऐकलं असेलच. तो मोह्स स्केल. त्यावर एनॅमल साधारण 5 वर, फोनची काच 6 च्या आसपास आणि झिरकोनिया 8 च्या वर. लॅबमध्ये विकर्स नावाचं माप जास्त वापरतात. त्यात एनॅमल 300 ते 350 च्या घरात, लिथियम डायसिलिकेट 600 च्या जवळ आणि झिरकोनिया 1200 च्या पुढे.

झिरकोनिया आपल्याला नवीन नाही. 2016 च्या शाओमी मी मिक्सची सिरॅमिक बॉडी आणि त्याच वर्षीच्या ॲपल वॉच एडिशनची पांढरी केस याच मटेरियलची होती. खिशातल्या किल्ल्यांनी त्यावर सहसा ओरखडा उठत नाही.

आता हे आकडे पाहून कुणालाही वाटेल की दातापेक्षा तिप्पट-चौपट कडक कॅप समोरच्या दाढेची वाट लावणार. सुरुवातीला डेंटिस्ट लोकांनाही हीच भीती होती. पण चाचण्यांमध्ये नीट पॉलिश केलेला झिरकोनिया जुन्या पद्धतीच्या पोर्सिलेनपेक्षा एनॅमल कमी झिजवतो, असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

असं का?

आजीच्या घरचं जातं आठवा. दगड तोच, कडकपणाही तोच, पण वापरून गुळगुळीत झाला की पीठ नीट पडत नाही. मग त्याला टाकी लावून पुन्हा खरखरीत करावं लागतं. दळण्याचं काम करतो तो खरखरीतपणा. तोंडातही तसंच आहे.

झिरकोनियाचे कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान आणि एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. एकदा पॉलिश केलं की पृष्ठभाग बराच काळ गुळगुळीत राहतो. पोर्सिलेन म्हणजे काचेत रुतलेले स्फटिक. चावताना त्याचे बारीक तुकडे निघतात, मागे धारदार कडा राहतात आणि निघालेले कण दोन दातांमध्ये सॅंडपेपरसारखे फिरतात.

इथे एक फसवी गोष्ट आहे, ग्लेझ. लॅबमधून आलेली कॅप आरशासारखी चमकते, कारण तिच्यावर काचेचा पातळ थर असतो. हा थर चावण्याच्या जागी काही महिन्यांत झिजू शकतो. खालचा भाग आधीच पॉलिश केलेला नसेल तर समोरच्या दाताशी तोच खरखरीत भाग भिडतो. माझ्या मते नुसत्या चमकीला भुलण्यात अर्थ नाही.

आता झिजेचा अंदाज. खरी दाढ खऱ्या दाढेवर घासली तरी वर्षाला साधारण 20 ते 40 मायक्रॉन झिजतेच. डोक्याचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे दोन-तीन वर्षांत एका केसाएवढं. चांगल्या पॉलिशच्या झिरकोनियासमोर हा आकडा याच्या जवळपास किंवा थोडा जास्त असतो.

खरी गडबड खुर्चीत होते

कॅप बसवताना डॉक्टर निळा किंवा लाल कागद चावायला देतात. जिथे गडद ठिपका उमटतो तिथे कॅप उंच आहे. मग डायमंड बर फिरवून तेवढा भाग कमी करतात. ही घासणी म्हणजे जात्याला टाकी लावण्यासारखंच! आणि ठिपका उमटतो तीच समोरच्या दाताची टेकण्याची जागा. म्हणून त्यानंतर हिऱ्याची पूड असलेल्या रबराच्या पॉलिशरने, आधी जाड मग बारीक, पुन्हा पॉलिश करणं गरजेचं आहे. काही मिनिटांचंच काम, पण घाईत राहून जाऊ शकतं. माझ्या कॅपच्या वेळी मी सरळ विचारलं होतं, "डॉक्टर, घासलेली जागा पॉलिश केलीत ना?" यात अवघड वाटण्यासारखं काही नाही. नंतरही जिभेला तिथे खरखरीत लागलं तर परत जाऊन दाखवा.

सोन्याच्या मिश्रधातूची कॅप समोरच्या दाताला सगळ्यात सौम्य मानतात, कारण ती एनॅमलपेक्षा मऊ असते. पण रंग आणि भाव पाहता आपल्यापैकी कोण घेणार ती! ॲक्रेलिकची तात्पुरती कॅप स्वतःच पटकन झिजते, म्हणून तिच्यावर वर्षानुवर्षं काढू नका.

झोपेत दात खायची सवय असेल तर मटेरियल ठरवण्याआधीच डॉक्टरांना सांगा. तेव्हा दातांवर पडणारा जोर जेवतानापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतो आणि मधे घासही नसतो. अशांना रात्री घालायचा नाईट गार्ड देतात. तो प्लॅस्टिकचा असतो, आधी तो झिजतो, आणि झिजला की बदलता येतो.