घेराचा कायदा आणि ढोलीतला धनेश

मुंबईच्या गोदीतून १८१७ साली पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका मलबारी सागाची होती. आरमाराच्या या भुकेपायी किनाऱ्यालगतचा मोठा साग इतका सरला, की १८४२ च्या सुमारास कलेक्टर कॉनोली यांस निलंबूर येथे सागाची लागवडच आरंभावी लागली.

तोडीस नियमाचे बंधन घातले ते ब्रह्मदेशातील पेगू प्रांतात, १८५६ पासून, डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. सहा फूट वा अधिक घेराचाच साग तोडावा, बारीक झाडास हात लावू नये. निवडलेल्या झाडाची साल व आतले रसाळ लाकूड भोवताली कोरून ते उभेच वाळू द्यावयाचे, कारण ओला साग पाण्यावर तरंगत नाही. बारीक झाडे केव्हा त्या घेरास पोहोचतील याचा अदमास बांधून दरसालची तोड ठरे. मुद्दल राखून व्याज खाण्याचाच हा व्यवहार. आम्हां वकिलांस तो निर्दोष वाटावा यात नवल ते काय?

पण हा हिशेब उभ्या झाडांचा होता. रोपट्यांची हमी त्यात नव्हती. सागाचे रोप उन्हाचे भुकेले. एकच झाड पडले म्हणजे वरच्या छतास लहानसे भोक पडते, आणि ते बांबू व शेजारच्या फांद्या बुजवून टाकतात. शिवाय सरळ, निरोगी झाड आधी जाते. बी धरावयास वेडेवाकडे मागे राहते. सह्याद्रीतील सदाहरित रानाची गोष्ट निराळी. तेथील पुष्कळ रोपे सावलीत तग धरतात. मात्र तोडलेला वृक्ष पडताना शेजाऱ्यांस चिरडतो, आणि ओंडके ओढण्याच्या वाटांनी वेली आत शिरतात.

धनेश पक्ष्याला चोचीने ढोली कोरता येत नाही. जुन्या, जाड वृक्षाची आयती पोकळी त्याला लागते. मादी आत बसून दार लिंपून घेते, आणि फटीतून नर तिला फळे भरवितो. वनखात्याच्या लेखी असा पोकळ वृक्ष म्हणजे निकामी, गर्दी करणारा, म्हणून तोही काढावयाचा. धनेश तर रानाचा पेरणारा: गिळलेल्या फळांच्या बिया तो दूरवर टाकतो. ढोली गेली की ही पेरणीही उणावते. आपल्या देवरायांत खोडाला माप लावणारा कोणी नव्हता. म्हणून तेथे असे म्हातारे वृक्ष उरले.

सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात मंजूर कार्ययोजनेखेरीज वनातील तोड थांबविली. त्या आदेशाचा भर 'वन' या शब्दाच्या अर्थावर व तोडीच्या परवानगीवर होता. ढोलीचा विषय तेव्हा न्यायासनापुढे नव्हता. काळी नदीकाठच्या दांडेलीस मात्र २०११ साली धनेशाच्याच नावाने राखीव क्षेत्र जाहीर झाले.