पाव पायाने मळतात? मालगुंडच्या बरणीतली जुनी भीती

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना ज्यांच्या कानातून सालं आणि नावं निसटली, त्यांनी सावकाश वाचावं.

गेल्या पावसाळ्यात मालगुंडच्या घरी मी पहिल्यांदाच सावरडो ब्रेड करायला घेतला. काचेच्या बरणीत 50 ग्रॅम चक्कीवरचं गव्हाचं पीठ आणि 50 ग्रॅम पाणी. रोज त्यातलं बरंचसं काढायचं आणि ताजं पीठ-पाणी घालायचं. दुसऱ्या दिवशी मिश्रण जोरात फुगलं, मग दोन दिवस ढिम्म. मला वाटलं, मेलं. पण आठवडाभरात पुन्हा जीव धरला. आत्याने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "ह्यात नवीन काय गो? आंबोळीचं पीठ असंच आंबतं." मग जरा थांबून म्हणाली, "पण आमच्या लहानपणी पाव स्वयंपाकघरात येत नसे. पडवीत बसून खायचा. पाव पायाने मळतात म्हणायचे."

आंबोळी चुलीपाशी आणि पाव पडवीत, असं का? आजचा भाग ह्याच प्रश्नावर.

आधी शब्द. 'पाव'चा पायाशी काही संबंध नाही. तो पोर्तुगीज 'पाँव'वरून आला. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. त्यांना रोज पाव लागायचा आणि इथे तो फुगवायला यीस्ट नव्हतं. पण माड होते, आणि माडाची ताडी होती. गोव्यात तिला सूर म्हणतात, आपल्याकडे माडी. ती घालून कणीक फुगवायला लागले. भाजणारा तो पोदेर. पुढे गोव्याचे पाववाले मुंबईत आले, मागून इराणी बेकऱ्या आल्या, आणि पाव शहराच्या अंगवळणी पडला.

घरांनी मात्र दार लावून घेतलं. पाव किरिस्तावाच्या किंवा मुसलमानाच्या हातचा, त्यात माडी, म्हणजे दारूच की! कोकणात आणि वसईकडे एक गोष्ट सांगत आलेत: पाद्री विहिरीत पाव टाकायचे, आणि ते पाणी प्यायलं की माणूस बाटला. गोष्ट किती खरी ते सोडा. तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या समाजात पावाच्या तुकड्याने जात जाऊ शकत होती, हे महत्त्वाचं.

म्हणूनच तो तुकडा बंडाचं हत्यार झाला. 1849 मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा, पण गुपचूप. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. एकदा तो घास गिळला की मागे फिरता येत नसे. साधारण 1860 मध्ये सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं बाहेर फुटणार ह्या धास्तीने सभाच मोडली. बंड केलेल्यांनाही उजेडाची भीती होती.

तीस वर्षांनी पुण्यात तेच, फक्त उजेडात. ऑक्टोबर 1890, पंचहौद मिशन. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी हातही लावला नाही. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते आणि आपल्या रत्नागिरीत जन्मलेले टिळकही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. न्यायाधीशाला एका चहासाठी प्रायश्चित्त! बाकीच्यांची काय कथा?

त्या वेळी मालगुंडचे केशवसुत चोविशीत होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून ते वर्षभरापूर्वीच मॅट्रिक झाले होते. जुन्या रूढींवर तुटून पडणारी त्यांची 'तुतारी' 1893 ची. ती चहामुळे लिहिली असं मी म्हणत नाही. पण ती कसल्या हवेत लिहिली गेली, ते ह्यावरून कळतं.

पुढे रत्नागिरीतच सावरकरांनी स्थानबद्धतेच्या काळात रोटीबंदीविरुद्ध सहभोजनं घडवली. 1931 मध्ये भागोजी कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर उघडलं. इथे एक गोष्ट विसरू नये. पाव खाल्ल्याने बाटण्याची भीती ज्यांना होती, त्यांच्याकडे गमवायला जात तरी होती. ज्यांच्या हातचं पाणीही चालत नसे, त्यांचा प्रश्न ह्याहून फार मोठा होता.

आणि ते पायाने मळणं? हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. तो लिहितो की इजिप्तची माणसं कणीक पायाने मळतात. परक्याच्या भाकरीबद्दल माणसं असंच बोलत आलीत. आपलं पीठ 'आंबतं', त्यांचं 'नासतं'.

खरं तर बरणीला जात कळत नाही. आंबोळी असो की सावरडो, काम एकाच जातकुळीच्या जीवांचं. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आंबटपणा देतात. ते काही वायूही करतात, पण सावरडोचा फुगारा मुख्यतः यीस्टचा. माडीत यीस्टच असतं. आंबण्यामागे जिवंत सूक्ष्मजीव असतात हे 1857 नंतर लुई पाश्चरने दाखवून दिलं. भीती मात्र त्याच्या आधीपासून होती आणि नंतरही उरली.

नव्याने करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पुस्तकातल्या वेळा थंड देशांच्या असतात, आपल्या दमट हवेत कणीक निम्म्या वेळात वर येते. तेव्हा घड्याळ सोडा, कणकेकडे बघा. आणि मीठ पिठाच्या दोन टक्के, म्हणजे अर्ध्या किलोला 10 ग्रॅम.

माझा पहिला ब्रेड लाईट गेल्यामुळे ओव्हनमध्येच अर्धवट राहिला, दगड झाला. दुसरा बरा झाला. झाकणाच्या बिडाच्या भांड्यात भाजला, वरचं कवच कडकडीत. मी पडवीत ताट घेऊन गेले, तर आत्या म्हणाली, "इथे कशाला? आत बस की."

आम्ही चुलीपाशी बसून खाल्ला. लोणी लावून.

तुमच्या घरात पाव पहिल्यांदा कधी आला, कुठे बसून खाल्ला, कोण रागावलं? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.