टायरची झीज व बदल : माळशिरस तालुका

टायरची झीज व बदल : चाकावरील आवरण वापराने झिजणे आणि ते निकामी ठरवून त्या जागी नवे बसविणे. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील माळशिरस तालुक्यात लाकडी बैलगाडी, ऊस वाहणारी टायरगाडी व मोटारगाडी ही तीन प्रकारची वाहने दीर्घकाळ एकाच रस्त्यावर चालत आली. चाकाचे आवरण केव्हा बदलावे, या प्रश्नाचे उत्तर वाहनाच्या वेगाबरोबर कसे बदलत गेले, हे त्यामुळे या परिसराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

लोखंडी धाव : लाकडी चाकाचे आरे व पुठ्ठे बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात तापवून चाकावर चढवीत व लगेच पाणी ओतून निववीत. निवताना लोखंड आकसे आणि चाक घट्ट आवळले जाई. उन्हाळ्यात लाकूड वाळले, की धाव सैल होऊन खडखडू लागे. गाडी पाण्यात उभी करून लाकूड फुगविणे हा त्यावरील तात्पुरता उपाय होता, तर धाव उतरवून पुन्हा चढविणे हा टिकाऊ. दोष कानाला कळत असे आणि गाडीचा वेग माणसाच्या चालीइतकाच असल्यामुळे तो उशिरा कळला, तरी जीवावर बेतण्याचे प्रसंग क्वचितच येत. अरुंद धावेचा खरा उपद्रव रस्त्याला होई. तिच्यामुळे मऊ रस्त्यावर खोल चाकोऱ्या पडत.

हवा भरलेला टायर : गंधक मिसळून रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे एकस्व चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये अमेरिकेत मिळाले. रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये हवा भरलेल्या टायरचे एकस्व घेतले. पण तो विस्मरणात गेला आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी ही कल्पना पुन्हा स्वतंत्रपणे अंमलात आणली. १८९५ मध्ये मीशलँ बंधूंनी पॅरिस–बॉर्दो–पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटारगाडी चालविली. त्या काळी टायर झिजण्यापूर्वीच फुटत असत. त्यामुळे झिजेपेक्षा पंक्चर हीच मोठी अडचण समजली जाई. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास तयार होऊ लागलेल्या जादा चाकावरून ‘स्टेपनी’ हा शब्द मराठीत रूढ झाला. पुढे रबरात काजळी (कार्बन ब्लॅक) मिसळण्याची पद्धत रुळली, टायरचे आयुष्य अनेक पटींनी वाढले आणि तेव्हाच ‘झिजलेला टायर कधी टाकावा’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला.

भारतातील टंचाई व काटकसर : पश्चिम बंगालमधील सहागंज येथे डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला, मुंबईत सिएट कंपनीची स्थापना १९५८ मध्ये झाली. मध्यंतरी, १९४२ मध्ये मलाया जपानच्या ताब्यात गेल्याने जगभर रबराची टंचाई निर्माण झाली आणि भारतातही टायरांच्या विक्रीवर नियंत्रण आले. टायर आतील कापडाचे थर दिसेपर्यंत वापरण्याची, तसेच त्यावर नवे रबर चढवून तो ‘रिमोल्ड’ करून घेण्याची सवय अशा टंचाईतून अधिक दृढ झाली. पूर्ण गुळगुळीत झालेल्या टायरास बोलीत ‘गोटा’ झालेला टायर म्हणतात.

उसाची टायरगाडी : नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर माळशिरस तालुक्यात ऊस वाढला आणि माळीनगर, श्रीपूर व अकलूज येथे साखर कारखाने उभे राहिले. कारखान्याकडे ऊस नेण्यासाठी लोखंडी धावेऐवजी रबरी चाकांची बैलगाडी वापरात आली. तिच्यामुळे बैलांवरील ओढीचा ताण कमी झाला, गाडीत अधिक ऊस मावू लागला आणि रस्त्यांवरील चाकोऱ्याही कमी झाल्या. मोटारीस निरुपयोगी ठरलेला टायर बैलाच्या चालीने धावणाऱ्या गाडीला पुष्कळ दिवस पुरतो आणि त्यानंतरही त्याच्या चपला होतात. ही काटकसर समंजसपणाची आहे. परंतु गाडीवानाची हीच कसोटी ताशी ८० किमी. वेगाच्या मोटारीला लावली, तर ती घातक ठरते.

कायद्याची मर्यादा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या ९४ व्या नियमानुसार टायरवरील खाचांची खोली दुचाकी व तीनचाकी वाहनांत ०.८ मिमी. पेक्षा आणि इतर वाहनांत १.६ मिमी. पेक्षा कमी असता कामा नये. कापडाचे थर उघडे पडलेला किंवा एखाद्या जागी फुगलेला टायरही सुस्थितीतील मानला जात नाही. मोटारीच्या नव्या टायरच्या खाचा सामान्यतः ८ मिमी. च्या आसपास खोल असतात. खाचांच्या तळाशी १.६ मिमी. उंचीचे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला, की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

झीज ओळखणे : टायरच्या दोन्ही कडा अधिक झिजल्यास हवा कमी असल्याचे, मधला पट्टा झिजल्यास ती जादा असल्याचे आणि एकच कड झिजल्यास चाकांची सरळ रेषा बिघडल्याचे अनुमान करतात. खाचा पुरेशा असूनही रबर जुने होऊन तडकते. म्हणून टायरचे वय पाहणेही आवश्यक असते. २००० पासूनच्या टायरांच्या बाजूवरील चार अंकी संख्येत पहिले दोन अंक आठवडा व पुढील दोन वर्ष दर्शवितात; उदा., २३१८ म्हणजे २०१८ मधील तेविसावा आठवडा. दोनच टायर नवे घ्यावयाचे असल्यास ते मागील चाकांना बसविणे इष्ट असते. कारण ओल्या रस्त्यावर मागील चाके घसरल्यास गाडी सावरणे कठीण जाते.

स्थानिक परिस्थिती : माळशिरस हा पर्जन्यछायेतील तालुका आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर गुळगुळीत टायरची पकड नव्या टायरपेक्षा सहसा कमी नसते. त्यामुळे वर्षातील बहुतेक दिवस झिजलेला टायर चालकाला फसवीत राहतो. खाचांचे मुख्य काम टायरखालील पाणी बाहेर सारणे हे असून, त्या उथळ झाल्या म्हणजे वेगातील चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते आणि ब्रेक व सुकाणू दोन्ही निष्प्रभ होतात. धूळ व तेलकटपणा साचलेल्या रस्त्यावर पहिला पाऊस पडतो, तेव्हा निसरडेपणा विशेष वाढतो. याच सुमारास, आषाढी वारीत, ज्ञानेश्वरांची पालखी नातेपुते, माळशिरस व वेळापूर या मार्गाने, तर तुकारामांची पालखी अकलूजमार्गे पंढरपूरला जाते आणि लाखो वारकरी या रस्त्यांनी पायी चालत असतात. उन्हाळ्यातील धोका वेगळा असतो. हवा कमी असलेला टायर सतत दुमडून तापतो आणि चाळीस अंश सेल्सिअसच्या पुढील उन्हात, पूर्ण भाराने व वेगाने धावताना तो फुटू शकतो.

पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रुंद रस्त्यावर वेग वाढतो आणि टायरचा दोष खपवून घेण्यास मिळणारा अवकाश कमी होतो. समृद्धी महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर परिवहन विभागाने २०२३ मध्ये टायरांची तपासणी सुरू करून झिजलेल्या टायरांच्या वाहनांना प्रवेश नाकारला, तो याच कारणाने. मालवाहू व प्रवासी वाहनांना ठराविक मुदतीने परिवहन कार्यालयाचे योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांसाठी असते आणि त्या मुदतीत तिच्या टायरांची अशी नियतकालिक तपासणी सक्तीची नसते. सैल धाव खडखडून सूचना देई, रबरी टायर मुकाट्याने झिजतो. म्हणून महिन्यातून एकदा व पावसाळ्यापूर्वी न चुकता खाचा पाहण्याचे काम खाजगी मोटारीच्या मालकालाच करावे लागते.