मागल्या आसनाची दोरी

सातवाहनांच्या काळीं नाणेघाट चढून जुन्नरास येणाऱ्या व्यापाऱ्याच्या बैलाची वेसण हांकणाऱ्याच्याच हातांत असे. बैल अडला तर कारण समोरच दिसे. पुढें हांकणारा एक आणि मागें बसणारा दुसरा अशीं वाहनें आलीं, तेव्हां मागच्याची इच्छा पुढच्यास कशी कळावी, हा प्रश्न उभा राहिला.

एस्. टी. च्या गाड्यांनीं त्याचें उत्तर सोपें दिलें. १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) यांच्यामध्यें पहिली गाडी धांवली. कालांतरानें ह्या गाड्या मंचर, घोडेगांव, नारायणगांव व जुन्नर येथील रहिवाशांच्या नित्य परिचयाच्या झाल्या. छताखालून एक दोरी मागून पुढें गेलेली असे. वाहकानें ती एकदां ओढली कीं गाडी थांबे, दोनदां ओढली कीं निघे. घंटा वाजली नाहीं तर दोरीवर नजर फिरवितांच तुटलेली जागा सांपडे. मागच्यानें सुचवावें आणि पुढच्यानें तें अमलांत आणावें, असा त्या दोरीचा करार होता.

खासगी मोटारींत दोरीच्या जागीं तार आली. १९४०-४१ च्या सुमारास अमेरिकेंत पॅकार्डच्या उंची गाड्यांच्या काचा विजेच्या साहाय्यानें वरखालीं होऊं लागल्या. पुढें तशीं बटणें सामान्य गाड्यांच्या मागल्या दारांवरही बसलीं. मात्र तार दाराच्या पोटांत लपली, आणि जुना करार लोकांच्या विस्मरणांत गेला.

म्हणूनच मागली काच हलेनाशी झाली कीं माणसें मागल्याच बटणाशीं झगडत बसतात. वस्तुतः शोधाचा आरंभ पुढून करावा. चालकाच्या दारावर मागलीं बटणें बंद करणारें एक बटण असतें; पुष्कळदां तेंच नकळत दाबलेलें असतें. तें मोकळें करूनही काच हलली नाहीं, तर चालकाच्या बटणानें ती हलवून पाहावी. हलली, तर मोटर शाबूत आहे; संशय मागल्या बटणावर किंवा त्यास वीज पोंचविणाऱ्या तारेवर घ्यावा. दोन्हीकडून हलली नाहीं, तर फ्यूज पाहावा आणि जळला असल्यास तितक्याच अँपिअरचा बसवावा. त्यानंतर दाराच्या बिजागरीजवळील रबरी नळी तपासावी. दार सतत उघडमीट केल्यानें आंतील तारा तेथेंच तुटतात. मोटरचा आवाज येऊनही काच जागची हलत नसेल, तर दोष विजेचा नसून काच उचलणाऱ्या यंत्राचा समजावा.

आणखी एक मर्म आहे. जुन्या धर्तीच्या अनेक गाड्यांत मागल्या मोटरमधून निघालेली वीज चालकाच्या बटणांतूनच परतते. त्या बटणांत धूळ सांचली कीं मागलें बटण निर्दोष असूनही काच हलत नाहीं. माळशेजकडील पावसाची ओल आणि पूर्वेकडील माळाची धूळ, दोन्ही जुन्नर तालुक्यांतच भेटतात. तेथें हें विसरून चालणार नाहीं.

मागलें दार आंतून उघडत नसेल, तर दाराच्या कडेवरील मुलांसाठींचा खटका पाहावा. बहुतेक गाड्यांत तो विजेवर चालत नाहीं. हा खटका आणि पुढील बटण हीं मुलांच्या रक्षणासाठीं असतात. चढत्या काचेंत मान अडकून मुलें दगावल्याचीं उदाहरणें घडलीं आहेत. म्हणून तीं निकामी करून कोणी 'दुरुस्ती' करूं नये. मागें बसलेल्याच्या हातीं किती सत्ता द्यावी, हें ठरविण्याची जबाबदारी घंटेच्या दोरीच्या काळींही पुढें बसलेल्यावरच होती.