धोबीतलावचा इराणी

मुंबईस कामानिमित्त गेलेल्या परगावच्या माणसाने स्वस्तात पोट कोठे भरावे? धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत या प्रश्नाची दोन उत्तरे आम्हांस सापडतात. वर गोवेकर ख्रिस्ती दर्यावर्दींचे कूड. तेथे वेदीवर गावाचा आश्रयदाता संत, सायंकाळी सामुदायिक जपमाळ आणि भाडे नाममात्र. दार मात्र स्वतःच्या गावकऱ्यालाच उघडे. कित्येक कूडांत जातही पाहिली जाई, हे आपण लपवू नये.

खाली रस्त्यालगत कयानी, १९०४ साली स्थापन झालेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणातून आलेल्या झरथुष्ट्री कुटुंबांनी अशी उपाहारगृहे थाटली. संगमरवरी टेबलाशी हमाल व वकील एकाच रांगेत बसत. ब्रून-मस्का, खिमा-पाव, चहा. गिऱ्हाइकाला त्याचा गाव, धर्म वा जात कोणी विचारीत नसे. विहिरीत पाव टाकून आमच्या पूर्वजांना बाटविले, अशी दंतकथा वसईत अद्याप सांगतात. तोच पाव येथे सर्व जातींची माणसे निःशंकपणे चहात बुडवून खात होती!

जवळचे बस्तानी २००४ साली बंद पडले. कयानीत आजही खिमा-पाव मिळतो.