पाऊस हे कितवं क्षेत्र?

बँकेतल्या कारकुनाला पैशातलं कळतं, असा लोकांचा समज असतो. दुर्दैवाने मी बी. कॉम. असल्यामुळे तो माझाही होता. म्हणून मोहाडीला बदलून आल्यावर मी सगळी शिल्लक चार क्षेत्रांत वाटली : राईस मिलमध्ये भागी, मळणीयंत्रात हिस्सा, मेहुण्याचं खताचं दुकान आणि एका किराणा दुकानात थोडं भांडवल. अर्थात हिच्या नावावर. नोकरीचे नियम मला पाठ आहेत. "एक बुडालं तरी तीन तरतील," असं मी हिला कागदावर आकडे मांडून दाखवलं. मुदत ठेवीच्या दुप्पट परतावा आणि जोखीम पाव!

हाच कागद मुंबईच्या शेठलोकांनी १८६४ मध्ये मांडला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडे धाव घेतली. मुंबईत पैसा मावेना. मग तो बँकांत, जहाजांत, कापूस दाबायच्या प्रेसमध्ये, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांत शिरला. प्रेमचंद रायचंद हे या सगळ्या खेळाचे राजे. ज्यांना समुद्राची भीती वाटली, त्या शहाण्यांनी बँक ऑफ बॉम्बेचे शेअर घेतले. बँक म्हणजे कशी भक्कम! (इथे माझा ऊर थोडा भरून येतो.) पण ही भक्कम बँक त्याच कंपन्यांचे शेअर तारण ठेवून कर्जं वाटत होती. एप्रिल १८६५ मध्ये तिकडे सेनापती ली शरण गेला आणि इकडे कापूस कोसळला. १ जुलैला वायदे पुरे करायचे होते. ते कुणालाच जमेना. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँकेचा शेअर ८७ वर आला. १८६८ मध्ये बँकच गुंडाळली. पाट्या निरनिराळ्या होत्या, पण सगळ्या एकाच बोंडाला लोंबकळत होत्या. आमच्या भागाला याची झळ फारशी लागली नसावी, कारण नागपूरला रेल्वेच १८६७ मध्ये आली. उशिरा येण्याचे असे फायदे असतात, हे मी साहेबांना अनेकदा सांगितलं आहे.

२०१७ मध्ये पावसाने दडी मारली. पऱ्हे वाळले, रोवण्या रखडल्या. धान नाही म्हणून मिल थंड, मळणीयंत्र अंगणात कोंबड्यांच्या ताब्यात, खताची पोती मेहुण्याच्या उशाला. किराणावाला उधारीची वही घेऊन माझ्याकडेच आला. हिने तो जुना कागद काढला, शांतपणे वाचला आणि विचारलं, "यात पाऊस हे कितवं क्षेत्र?"

हल्ली मी वरठीच्या पोलाद कारखान्याचे शेअर घ्यावेत म्हणतो. पोलादाला पाऊस लागत नाही. "त्या पोलादाचं पुढे काय होतं, ते विचारून या," ही म्हणाली.

परवा शाखेत एक भाऊ ट्रॅक्टरसाठी कर्ज मागायला आले. परतफेड कधी, या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'पानी आल्यावर'.